सासूबाईंचं बोलिंग आणि पुतण्याचा जायरो

निपाणीच्या एका ताईंनी विचारलंय. दिवाळीच्या सुट्टीआधी त्यांना घरात एक गेम कन्सोल घ्यायचा आहे. घरात ६४ वर्षांच्या सासूबाई, नववीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा. शिवाय बेळगावात इंजिनिअरिंग शिकणारा पुतण्या, जो शनिवारी रात्री येतो आणि रविवारच्या शेवटच्या बसने परत जातो. ताई पुण्यात बहिणीकडे हातात रिमोट धरून टीव्हीवर बोलिंग खेळल्या, तेव्हापासून हे सासूबाईंनाही जमेल असं त्यांच्या मनात आहे. पुतण्या म्हणतो, "काकू, हात हलवून खेळायचं ते मोशन कंट्रोल म्हणजे पोरांचं खेळणं. खरा गेमर बटणांवर खेळतो." घेणं परवडणार एकच वस्तू, तर ऐकायचं कुणाचं?

ताई, मी बेळगावच्या शहापुरात २००८ पासून गेम पार्लर चालवलं. आता पार्लर लहान केलंय आणि कन्सोल, कंट्रोलर दुरुस्तीचं काम वाढवलंय. दोन्ही प्रकारची माणसं रोज जवळून बघत आलोय. तुमच्या पुतण्याचं अर्धं बरोबर आहे. आणि ज्या अर्ध्यात तो चुकतोय, तेच काम तो रोज रात्री स्वतःच्या फोनवर करत असणार. तिथे येतोच, पण आधी सासूबाई.

आजच्या कंट्रोलरवर दोन स्टिक असतात, डाव्या अंगठ्याखाली चार बाण, उजव्याखाली चार बटणं, वरच्या कडेला चार, आणि स्टिक दाबल्या की त्यांचीही बटणं होतात. सगळं मोजलं तर पंधराच्या वर जातं. तुमचा पुतण्या तिसरी-चौथीपासून हे बोटांनी गिरवत आला असेल, त्यामुळे त्याला ती बटणं आता दिसतच नाहीत. सायकल येणाऱ्याला पेडल दिसत नाही, तसं. पहिल्यांदा हातात धरणारा माणूस मात्र दर वेळी मान खाली घालून बटण शोधतो, आणि मान वर करेपर्यंत पडद्यावरचा खेळ पुढे गेलेला असतो. पार्लरमध्ये पोराला सोडायला आलेल्या किती आया आणि आजोबा मी असे बघितले! एक डाव हातात घेतला, दोन मिनिटांत "आमचं काम नव्हे हे" म्हणून कंट्रोलर परत दिला. त्यांना खेळ आवडला नव्हता असं मी कधीच म्हणणार नाही. खेळापर्यंत ते पोचलेच नव्हते.

निन्टेन्डो या जपानी कंपनीने नोव्हेंबर २००६ मध्ये वी हा कन्सोल आणला तो याच माणसांसाठी. तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता यांचं म्हणणं होतं की गेम खेळणाऱ्यांची संख्याच वाढली पाहिजे, आहे त्याच गिऱ्हाइकाला आणखी भारी ग्राफिक्स दाखवून भागणार नाही. म्हणून कंट्रोलर टीव्हीच्या रिमोटसारखा केला, आणि बहुतेक देशांत डब्यासोबतच टेनिस, बेसबॉल, बोलिंग, गोल्फ आणि बॉक्सिंगची डिस्क दिली. त्या कन्सोलचे १० कोटींच्या वर नग विकले गेले.

बोलिंगमध्ये करायचं काय? बटण दाबून धरा, हात मागे न्या, पुढे आणताना सोडा. आमच्याकडे वडगावच्या एक आजी नातवाबरोबर यायच्या. त्यांना मी दोन वेळा समजावलं, जमेना. शेवटी म्हणालो, "आजी, अंगणात सडा टाकता तसा हात आणा की." पुढच्याच चेंडूला सात पिना पडल्या. चाळीस-पन्नास वर्षं रोज सकाळी केलेली हालचाल त्यांच्या खांद्यात होतीच. मोशन कंट्रोलची ओढ आहे ती ही. नवीन काही शिकायच्या आधीच माणूस खेळात असतो.

आता पुतण्याचं अर्धं खरं. त्यासाठी तो रिमोट आतून कसा चालतो ते थोडं सांगावं लागेल.

त्या रिमोटमध्ये अ‍ॅक्सेलरोमीटर नावाची चिप असते. रिमोट किती जोरात हलला आणि जमिनीकडे किती कलला, एवढंच तिला कळतं. तुमचा हात खोलीत नेमका कुठे आहे हे तिला माहीत नसतं. पडद्यावर बोट दाखवल्यासारखा नेम धरायचा असेल तर रिमोटच्या तोंडाशी असलेला छोटा इन्फ्रारेड (डोळ्याला न दिसणारा प्रकाश टिपणारा) कॅमेरा टीव्हीजवळच्या पट्टीतले दिवे बघतो. त्या पट्टीला सगळे सेन्सर बार म्हणतात, पण तिच्यात सेन्सर नसतोच, दोन्ही टोकांना नुसते इन्फ्रारेड दिवे. एकदा पार्लरमधली पट्टी उंदराने कुरतडली. बाहेर पोरं ताटकळलेली. मी टीव्हीपुढे दोन मेणबत्त्या वीतभर अंतरावर लावल्या आणि खेळ सुरू केला. मेणबत्तीच्या ज्योतीतूनही इन्फ्रारेड निघतो, रिमोटला तेवढं पुरतं.

तर, फटका मारताना चिपला फक्त झटका कळतो. ही गोष्ट इंजिनिअरिंगच्या पोरांनी अर्ध्या तासात ओळखली. आजी टेनिसमध्ये अख्खा हात फिरवायच्या, आणि ही पोरं बाकावर रेलून नुसतं मनगट उडवायची. पडद्यावर दोघांचा फटका सारखाच. एकदा हे कळल्यावर त्या पोरांच्या दृष्टीने रिमोट म्हणजे फक्त एक उशिरा लागणारं बटण उरलं. मनापासून खेळणारा माणूस नेहमी हेच करतो. मशीन नेमकं काय वाचतंय ते शोधतो आणि बाकीचं सगळं टाकून देतो. त्यात लबाडी काही नाही, खेळ समजून घेण्याची ती त्याची रीत आहे. पण ज्या खेळाची सगळी मजा त्या टाकून दिलेल्या भागातच होती, तो खेळ त्याच्या हातात रिकामा होतो.

दुसरं कारण वेळेचं. बरेच गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवतात. मारामारीच्या खेळात कोणता फटका कितव्या चित्राला लागतो हे चांगल्या खेळाडूला पाठ असतं. अंगठा दोन मिलिमीटर हलला की बटण दाबलं जातं, आणि हजार वेळा दाबलं तरी हजार वेळा तेच होतं. हात फिरवायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो, आणि दोन वेळा हात अगदी सारखा फिरत नाही. हरल्यावर चूक आपली होती याची त्याला खात्री हवी असते. "मी बरोबर केलं होतं, मशीनला कळलं नाही" असं एकदा वाटलं की तो कंट्रोलर खाली ठेवतो. या तक्रारीला मी हट्ट म्हणणार नाही, ती न्यायाची आहे.

काइनेक्टच्या वेळी हे फार स्पष्ट दिसलं. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०१० मध्ये तो कॅमेरा आणला. हातात काहीच धरायचं नाही, अंग हेच कंट्रोलर. पहिल्या ६० दिवसांत ८० लाख नग विकले गेले. मलाही तेव्हा वाटलं होतं की आता बटणांचे दिवस भरले. पण आमच्याकडची घरं बघा. शहापूर-वडगावातली जुनी विणकरांची घरं लांबट आणि अरुंद, पुढच्या खोलीत अर्धी जागा मागाची किंवा दिवाणाची. एका माणसाला टीव्हीपासून सहा फूट मागे उभं राहावं लागायचं, दोघांना आठ. उघड्या दारातून ऊन आत आलं की कॅमेरा गोंधळायचा. साडी नेसलेल्या बाईचे पाय त्याला नीट ओळखता येत नसत, घोळामुळे दोन पायांचा एकच आकार दिसायचा. नाचाच्या खेळात मुलींना भरभरून गुण आणि त्यांच्या आयांना कमी, हे बघून मला वाईट वाटायचं. त्या बायका मुलींपेक्षा तालात होत्या.

आणि ज्याला गेममध्ये चालत पुढे जायचंय त्याने घरात चालायचं कुठे? बटण नसलं की हा साधा प्रश्नही सुटत नाही. २०१३ साली मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वन हा कन्सोल या कॅमेऱ्यासकट ४९९ डॉलरला आला, पुढच्याच वर्षी कॅमेऱ्याशिवाय ३९९ ला मिळू लागला, आणि २०१७ मध्ये काइनेक्ट बनवणंच थांबलं. मनापासून खेळणाऱ्यांना तो कधी हवाच नव्हता, आणि हौशी लोकांनी एक सुट्टीभर खेळून बाजूला ठेवला.

हा "बाजूला ठेवण्याचा" भागही तुम्हाला माहीत हवा, कारण पैसे तुमचे जाणार आहेत. माझ्याकडे विकायला आलेल्या कित्येक जुन्या वीमध्ये तीच पहिली डिस्क अजून आत असते. दुसरी डिस्क घरात आलेलीच नसते. पाहुणे आले, चार दिवस दंगा झाला, मग शाळा सुरू झाली आणि मशीन माळ्यावर गेलं. कंपनीलाही हे भोवलं. २०१२ च्या वी यू या पुढच्या कन्सोलचे जेमतेम १.३६ कोटी नग खपले. पहिल्या वेळी आलेली हौशी मंडळी तोपर्यंत फोनवरच्या खेळांकडे वळली होती.

म्हणून मी गिऱ्हाइकांना हौशी गेमर आणि पक्के गेमर अशा दोन पेट्यांत घालणं कधीच सोडून दिलंय. टिळकवाडीचे एक निवृत्त मास्तर यायचे. दर रविवारी सकाळी, दहा फ्रेमचे दोन डाव बोलिंग. दुसरा कुठलाही गेम त्यांनी कधी हातात घेतला नाही. दोनशे पानी वहीत तारीख, गुण, कुठे उभे राहिले आणि मनगट किती वळवलं हे सगळं लिहायचे. पूर्ण गुण ३००. मास्तर २७९ पर्यंत पोचले होते. त्यांनीच मला दाखवलं की सोडताना मनगट किंचित डावीकडे वळवलं की चेंडू शेवटच्या टप्प्यात आत वळतो. त्यांना कुणी गेमर म्हटलं नसतं. पण तासन् तास फोनवर कँडी फोडणारी कॉलेजची पोरं आणि ही वही शेजारी ठेवली तर पक्का कोण, ते मला कुणी सांगायला नको. मोशन कंट्रोल उथळ असता तर वही भरली नसती. खोली त्यातही असते, फक्त तिथवर जाणारे थोडे असतात. २००९ मध्ये त्या रिमोटला मागून जोडायचा जायरोस्कोप, म्हणजे वळण मोजणारी चिप, आला आणि मनगटाचं वळण खरोखर मोजलं जाऊ लागलं. टेबल टेनिसचा नवा खेळ आला तेव्हा बाकावर रेलणारी पोरं उठून उभी राहिली होती, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता तुमचा पुतण्या. त्याला विचारा, बीजीएमआय (फोनवरचा बंदुकीचा गेम) खेळतोस का? बहुधा हो म्हणेल. जुलै २०२१ मध्ये तो गेम आल्यापासून आमच्या कट्ट्यावरची निम्मी पोरं त्यातच आहेत. मग विचारा, जायरोस्कोप 'ऑलवेज ऑन' (कायम चालू) ठेवतोस की 'स्कोप ऑन' (फक्त दुर्बिणीतून बघताना)? मला खात्री आहे की तो यातलं एक सांगेल, आणि मग थोडा वेळ गप्प बसेल.

कारण तो मोशन कंट्रोलच आहे. दुर्बिणीतून नेम धरताना बंदूक गोळीगणिक वर उडते, ती खाली ओढायला चांगली पोरं अंगठा वापरत नाहीत, फोन पुढे कलवतात. असं का, तेही सांगतो. कंट्रोलरची स्टिक ढकलली की ती मशीनला 'किती वेगाने वळायचं' ते सांगते. कुठे थांबायचं हे तुम्हाला वेळेवर सोडून साधावं लागतं. हात कलवला की तो 'इथपर्यंत वळ' असं सांगतो, माउससारखं. म्हणून मोठं वळण अंगठ्याने आणि शेवटचा बारीक नेम मनगटाने, ही जोडी नुसत्या स्टिकपेक्षा अचूक पडते. २०१५ चा स्प्लाटून हा शाई उडवण्याचा गेम याच पद्धतीवर उभा आहे आणि त्यात चुरशीने खेळणारे जवळपास सगळे जायरोवरच नेम धरतात. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरमध्ये २००६ पासून कल ओळखण्याची सोय आहे. स्टीम डेक या हातात धरायच्या कन्सोलमध्येही आहे. म्हणजे पक्क्या खेळाडूने मोशन नाकारला असं काही झालेलं नाही. त्याने हातभर हालचाल नाकारली आणि बोटभर हालचाल उचलली. आजीला हातभर हवी असते, कारण तिला अंगातली सवय वापरायची आहे. पोराला बोटभर हवी असते, कारण त्याला नेम हवा आहे. दोघांच्या हातातली चिप मात्र एकाच जातीची.

तर घ्यायचं काय? तुमच्या घराला निन्टेन्डो स्विच बसतो असं माझं मत. त्याचे दोन्ही बाजूचे कंट्रोलर सुटे होतात, दोघांच्या हातात एकेक येतो, दोन्हीत अ‍ॅक्सेलरोमीटर आणि जायरोस्कोप आहे. २०२२ मध्ये आलेल्या स्विच स्पोर्ट्स या गेममध्ये बोलिंग, टेनिस, बॅडमिंटन आहे. मुलांना बॅडमिंटन, सासूबाईंना बोलिंग. पुतण्याला त्याच मशीनवर स्प्लाटून आणि बटणांचे हवे तेवढे गेम. पण एक नीट लक्षात ठेवा, 'लाइट' नावाचा स्वस्त प्रकार घेऊ नका. त्याचे कंट्रोलर सुटत नाहीत आणि तो टीव्हीला जोडताच येत नाही. दुकानदार 'तोच आहे हो' म्हणून देतो आणि लोक फसून माझ्याकडे येतात. २०२५ मध्ये स्विचची दुसरी पिढी आली आहे, तुमच्या कामाला पहिलीच पुरे.

भारतात हे मशीन बाहेरून आणून विकलं जातं, त्यामुळे बिल आणि दुकानाची लेखी हमी घ्या. कंट्रोलर कुठल्याही कंपनीचा असो, स्टिक झिजते आणि माणूस आपोआप एका बाजूला चालायला लागतो. घेण्याआधी दुकानातच सेटिंगमध्ये जाऊन स्टिक तपासा.

पैसे कमी असतील तर जुनी वी बघायला हरकत नाही, बोलिंग तिच्यावर आजही तितकंच छान आहे. पण अमेरिकेहून कुणी आणलेली असेल तर तिचा अ‍ॅडॉप्टर फक्त १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० च्या प्लगमध्ये घातला की गेला. असे जळालेले तीन माझ्या खणात आहेत. शिवाय नव्या टीव्हीला लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची जागा नसली तर कन्व्हर्टर लागतो, आणि वाईट कन्व्हर्टर उशीर वाढवतो. टीव्हीमध्ये 'गेम मोड' असेल तर तो लावाच. मोशनच्या खेळात उशीर जास्त जाणवतो, कारण हात पुढे गेलेला असतो आणि चेंडू अजून पडद्यावर तिथेच दिसतो.

मुलीला नाच आवडत असेल तर एक जास्तीचं. जस्ट डान्स या गेमला फोन हातात धरूनही खेळता येतं, वेगळे कंट्रोलर घ्यायला नकोत. कॅमेरा नसल्यामुळे साडीचा प्रश्नही येत नाही.

घरातली तयारी मी सांगतो ती मन लावून करा, कारण मी फुटलेले टीव्ही बघितलेत. कंट्रोलरची दोरी मनगटात घट्ट, चौथीतल्या मुलाच्या तर तुम्ही स्वतः घाला. पंख्याखाली उभं राहून टेनिस नको. शोकेसची काच हाताच्या टप्प्यात नको. शहाबादी फरशी असेल तर मोजे काढून अनवाणी, आणि पावसाळ्यात फरशीला ओल धरते तेव्हा खाली सतरंजी नको, ती सरकते. सासूबाईंना पाठीच्या खुर्चीवर बसवून खेळू द्या. बोलिंग बसूनही तितकंच चांगलं होतं, गुडघ्यावर भार नको. पहिल्या दिवशी अर्धा तास पुरे, नाहीतर दुसऱ्या दिवशी खांदा धरेल आणि त्या पुन्हा हात लावणार नाहीत.

त्यांना काही समजावत बसू नका. आधी मुलांचा एक डाव बघू द्या, मग हातात द्या. आणि शिकवायचं काम पुतण्याकडे सोपवा. त्याला मशीन काय वाचतं ते कळतं, त्यांना हात कसा फिरवायचा ते कळतं.

विकत घेण्याआधी टीव्हीपासून समोरच्या भिंतीपर्यंत किती फूट आहे ते टेपने मोजा, आणि टीव्हीच्या मागे पिना कोणत्या आहेत त्याचा फोटो काढून ठेवा. हे दोन्ही मला कळवलंत तर कोणती केबल लागेल ते सांगतो.